ओटीपी लेकरू वाचतं, संमती कोण देणार?

पीक विम्याचा अर्ज असो, ई-पीक पाहणी असो, पीएम किसानची ई-केवायसी असो की लाडक्या बहिणीची, मराठवाड्यात घरोघरी ही कामं आठवी-नववीतलं पोरगं करतं. सिम आजीच्या नावावर, आधार बापाचं, बँक खातं आईचं. मेसेज वाजला की आजी फोन हातभर लांब धरते, "बघ रे, काय आलंय." पोरगं सहा आकडे टाकतं, 'मला मान्य आहे'च्या चौकटीत टिचकी मारतं आणि फोन परत देतं. खाली काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. वाचायला सवडही नसते. ओटीपीला मुदत असते, आणि रेंज आत्ता आहे, घटकाभराने असेलच असं नाही.

मुलांना समाजमाध्यमांच्या जाचातून सोडवण्यासाठी आपल्याकडे जो कायदा तयार आहे, तो याच सहा आकड्यांवर उभा आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चं कलम 9 असं सांगतं: 18 वर्षांखालच्या कुणाचीही माहिती हाताळायची तर कंपनीने आधी आईवडिलांची पडताळता येण्याजोगी संमती घ्यायची. याखेरीज मुलांच्या वागण्याचा माग काढायचा नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, आणि त्यांच्या भल्याला बाधा येईल असा त्यांच्या माहितीचा वापर करायचा नाही. मोडलं तर 200 कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. यातला माग न काढण्याचा भाग फार मोलाचा आहे. त्याबद्दल कुणी बोलत नाही. बोलणं सगळं संमतीचं चालतं, आणि गोम तिथेच आहे.

नियम 10 नीट वाचा. संमती देणारा माणूस सज्ञान आहे का आणि त्याची ओळख पटते का, एवढंच कंपनीने तपासायचं. त्यासाठी तिच्याकडे आधीपासून असलेली माहिती चालेल, किंवा डिजीलॉकरसारख्या (कागदपत्रं ऑनलाइन ठेवणाऱ्या सरकारी) सेवेने दिलेलं टोकन, म्हणजे ओळख-वयाची डिजिटल खूण, चालेल. तो माणूस खरोखर त्या मुलाचा बाप आहे का, ती बाई आई आहे का, हे तपासायला सांगितलेलं नाही. एकोणीस वर्षांचा चुलतभाऊ पालक म्हणून उभा राहिला तरी काम होतं. त्याच्या आधीची पायरी तर याहून कच्ची आहे. नियमांत जी उदाहरणं दिली आहेत ती सगळी 'मूल सांगतं की मी मूल आहे' किंवा 'पालक सांगतो की हे खातं मुलासाठी आहे' इथून सुरू होतात. खातं उघडताना जन्मवर्षाचं चाक येतं. ते बोटाने जोरात फिरवलं की गडगडत 1990 च्या पलीकडे जाऊन थांबतं. तेरा वर्षांच्या लेकराला तेवढं पुरतं.

(तेरा हा आकडा तरी कुठला? अमेरिकेने 1998 मध्ये मुलांच्या माहितीबद्दल एक कायदा केला. 13 वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांना विचारल्याशिवाय गोळा करायची नाही, असं त्यात होतं. विचारत बसण्यापेक्षा कंपन्यांनी 'किमान वय 13' अशी पाटीच लावली. मेंदूची वाढ, समज, झोप यांच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही.)

आता हा पालक शोधायला दिवाळीनंतर बीड जिल्ह्यात जा. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं तेवढी उरलेली दिसतात. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी ट्रकात संसार भरून सांगली, सातारा, कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात गेलेली असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गाळप आटोपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, परतणं नाही. बापाचा फोन कोपीत, फडाजवळच्या झोपडीत, पडलेला, चार्जिंग मिळेल तिथे. पहाटे फडात गेलेला माणूस गाडी भरून होईपर्यंत फोनकडे बघत नाही. रात्री गावाकडून फोन येतो, "आप्पा, तुमच्याकडं एक ओटीपी आला असंल, सांगा." तो सांगतो. तो ओटीपी शिष्यवृत्तीचा आहे, रेशनचा आहे, की पोराला एखाद्या ॲपवर मोकळं सोडण्याचा आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही. कायद्याच्या लेखी मात्र ही पडताळलेली संमती झाली. उद्या काही बरंवाईट घडलं की कंपनी नोंद काढून दाखवणार: तुम्हीच परवानगी दिली होती.

संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचता आली पाहिजे, असं कायदा म्हणतो. म्हणजे फॉर्म मराठीत येईल. बरंच आहे. पण विम्याच्या अटी ज्या मराठीत लिहिल्या जातात ती मराठी एम.ए. झालेल्यालाही पचत नाही, तिथे आजीची काय कथा.

संमती घेतली की जबाबदारी सरकते, ही या मांडणीची खरी खोड आहे. गावविहिरीला कठडा बांधायचा सोडून घरोघर फिरून 'आमचं पोरगं आमच्या जबाबदारीवर पाण्याला येतं' अशा सह्या गोळा कराव्यात, तसला हा प्रकार. आपल्याच कायद्यांत याला उलटा दाखला आहे. बालविवाहाला आईबापांची संमती चालत नाही. चौदा वर्षांखालच्या लेकराला कारखान्यात लावायला बापाची चिठ्ठी चालत नाही. काही गोष्टी मुलाच्या वतीने कुणीच मान्य करू शकत नाही, हे तत्त्व आपण तिथे कधीच स्वीकारलं आहे. मग रात्री दोन वाजता दहा वर्षांच्या मुलाच्या उशाशी नोटिफिकेशन वाजवायला बापाची संमती का चालावी?

दुसरं टोक लातूरचं. नीटच्या तयारीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं तिथे खोली करून राहतात. टेस्ट सिरीज, शंका विचारायचे व्हॉट्सॲप ग्रुप, टेलिग्रामवरच्या पीडीएफ, यूट्यूबवरची लेक्चरं यांच्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. ईमेल खात्यांना आणि शैक्षणिक संस्थांना नियमांत काही सवलती आहेत. तरीही सहा महिन्यांनी मतदार होणारा पोरगा आणि चौथीतली पोर यांना कायदा एकाच रेषेच्या आत उभं करतो. आजाराबद्दल, मनातल्या घालमेलीबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल मदत शोधणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीने आधी त्याच घराची संमती आणायची, हे तर फारच विचित्र. कलम 9 च्या पाचव्या पोटकलमात यातून वाट आहे. एखादी कंपनी मुलांची माहिती सुरक्षितपणे हाताळते अशी खात्री पटली तर केंद्र तिच्यापुरती वयाची रेषा खाली आणू शकतं. ही वाट कुणासाठी आणि कोणत्या अटींवर उघडायची, यावर सार्वजनिक चर्चा व्हायला हवी होती. ती झालेली नाही.

मग बंदीच का घालू नये? ऑस्ट्रेलियाने घातली. 10 डिसेंबर 2025 पासून तिथे 16 वर्षांखालच्यांना फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब वगैरेंवर खातं ठेवता येत नाही. कंपनीने हयगय केली तर 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. मुलाला दंड नाही, पालकाला नाही. ही शेवटची गोष्ट आपण जशीच्या तशी उचलावी, कारण आपल्याकडे कायदा आला की त्याची पहिली काठी दुबळ्याच्याच पाठीत बसते. बाकी साचा इथे बसवताना मात्र विचार करावा लागेल. तो कायदा खात्यावर चालतो. लॉगिन न करता यूट्यूब बघायला तिथेही आडकाठी नाही, आणि व्हॉट्सॲप त्यातून बाहेर आहे.

मराठवाड्यातल्या लेकराचं स्वतःचं खातं असतं कुठे? 'असर 2024' या ग्रामीण पाहणीत देशातल्या 14 ते 16 वयाच्या सुमारे 89 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण फोन वापरता येणाऱ्या 14 वर्षांच्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेली फक्त 27 टक्के होती. बाकीच्यांचा कारभार भावाच्या, बापाच्या, आजीच्या फोनवर. बापाच्या खात्यावर नऊ वर्षांची पोर शॉर्ट्स बघते तेव्हा यंत्राला ती अडतीस वर्षांचा पुरुष वाटते, आणि अडतीस वर्षांच्या पुरुषाला जे आवडावं असा त्याचा हिशेब असतो, ते तिच्यापुढे येतं. (पैशांचे ऑनलाइन खेळ ऑगस्ट 2025 च्या कायद्याने बंद केले, त्यांच्या जाहिरातींनाही शिक्षा ठेवली. त्याआधी दोन कार्टूनच्या मध्ये रमीची जाहिरात ठरलेली असायची.) खात्याचं वय तपासणारा कोणताही कायदा या पोरीला दिसतच नाही. चेहरा बघून वय ओळखणारं तंत्र आणलं तरी तेच. पंधरा आणि सतरा यांच्यात ते गफलत करतं, आणि थोरल्या भावाने एकदा कॅमेऱ्यापुढे तोंड दाखवलं की धाकट्या दोघांची सोय झाली. पालकांसाठीची नियंत्रणं, गूगलचं फॅमिली लिंक वगैरे, मुलाचं वेगळं खातं आणि मुलाच्या हातात वेगळा फोन आहे असं धरून बनवलेली आहेत. एका फोनवर पाच माणसं हा हिशेब त्यांत नाही.

'प्रत्येक खात्याला आधार जोडा' ही मागणीही अधूनमधून येते. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं, ते बाजूला ठेवू. पण मुलांना वाचवण्यासाठी मुलांचेच ओळखक्रमांक त्याच कंपन्यांच्या हवाली करायचे, ही कुठली रीत?

बंदीचा आपला स्वतःचा अनुभवही ताजा आहे. टिकटॉक 29 जून 2020 ला बंद झालं. कारण मुलांचं नव्हतं, सीमेवरच्या तणावाचं होतं, पण गावोगावच्या पोरांपुरती ती बंदीच होती. नऊ दिवसांनी, 8 जुलैला, इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं. सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात भारतातूनच केली. पडद्याची तीच मापं, तोच अंगठा, तोच न संपणारा पट्टा. तलवारीने केक कापणाऱ्या भाईच्या रीलला आधी एका ॲपवर लाइक मिळत, आता दुसऱ्यावर मिळतात. पोलीस अधूनमधून त्या भाईवर गुन्हा नोंदवतात. ते रील हजार पोरांपुढे कुणी वाढून ठेवलं, हा प्रश्न कुणाच्या दप्तरी जात नाही.

गावांनीही आपापल्या परीने हात-पाय मारले आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला. साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. त्याच वर्षी पुसद तालुक्यातल्या बान्शीच्या ग्रामसभेने 18 वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला. पुसद तसं यवतमाळात, पण आपल्या हिंगोली-नांदेडच्या शिवेला लागूनच. हे दोन प्रकार एका माळेचे मणी नाहीत. वडगावात नियम सगळ्यांना होता, आईच्या मालिकेला आणि बापाच्या व्हॉट्सॲपलाही. म्हणून तो अभ्यासाचा दीड तास झाला. बान्शीत तो फक्त मुलांना होता. आणि मुलांपुरती बंदी म्हटलं की प्रत्यक्षात ती कुणापुरती होते, हे मराठवाड्यात सांगायची गरज नाही.

ती मुलीपुरती होते. त्याच 'असर'च्या पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 36 टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी 27 टक्क्यांकडे. आधीच तोकडं, त्यात कायद्याचं निमित्त मिळालं तर उरलंसुरलंही जाईल. आणि इथे फोन जाणं एवढ्यावर भागत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) 20 ते 24 वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, त्यांचं प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के होतं. परभणीत ते 48 टक्के, बीडमध्ये जवळपास 44 टक्के. वयात आलेली पोर मागे ठेवून तोडीला जायचं की सोबत न्यायची, या पेचातून हंगामाआधीच लग्न उरकलं जातं. अशा घरात मुलीच्या फोनवर कुणा अनोळख्याचा मेसेज सापडला, कुणी तिचा फोटो कापून-जोडून फिरवला, तर चौकशी फोटो फिरवणाऱ्याची होत नाही. फोन काढून घेतला जातो, मग शाळा बंद होते, मग स्थळं बघायला सुरुवात होते. पोरीला हे पक्कं माहीत असतं, म्हणून ती सांगत नाही. न सांगण्यावरच ब्लॅकमेल करणाऱ्याचा धंदा चालतो. मुलीच्या ॲपवर असण्यालाच चूक ठरवणारा कायदा आला तर त्या धंद्याला सरकारी शिक्का मिळेल. 'तू सोळाच्या आत खातं उघडलंस, सांगू का घरी?' एवढं वाक्य पुरेल.

म्हणून मुलाच्या वयाची राखण करण्याआधी ॲपच्या घडणीवर बंधन घालावं, आणि ते पालकाच्या संमतीनेही सुटू नये, असं आमचं म्हणणं आहे. कोणती बंधनं? रात्री दहा ते सकाळी सहा नोटिफिकेशन बंद. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होणं बंद. 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणत मुलांची नावं अनोळख्यांपुढे टाकणं बंद. ज्याला लेकराने स्वतः जोडून घेतलेलं नाही त्याचा मेसेज, फोटो, व्हिडिओ कॉल लेकरापर्यंत न पोहोचणं. ठिकाण दाखवणं बंद. सलग इतके दिवस मेसेज पाठवला की मिळणारी आणि एक दिवस चुकला की विझणारी ती ज्योत बंद. आधी काय पाहिलं यावरून पुढे काय दाखवायचं ते ठरवणारा पट्टा बंद, त्याजागी ज्यांना स्वतः निवडलं त्यांचंच, वेळेच्या क्रमाने.

यातल्या बऱ्याच गोष्टींना वय विचारायची गरजच नाही. आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ आणि रात्रीची नोटिफिकेशनं सगळ्यांसाठीच मुळात बंद ठेवा. ज्याला हवं त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं. आज उलटं आहे. चालू मुळातच असतं, बंद करायला चार पडदे उलटावे लागतात, आणि त्यातले दोन इंग्रजीत. सगळ्यांसाठी मुळात बंद म्हटलं की बापाच्या खात्यावरची ती नऊ वर्षांची पोरही आपोआप आत येते. वयाचा पुरावा, चेहऱ्याचा फोटो, आधार, काही लागत नाही. सामायिक फोनच्या घरांना लागू पडणारा हा एकच उपाय आहे, आणि तो अंमलबजावणीला सगळ्यांत स्वस्तही आहे.

कंपन्या म्हणतील, असं करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. हे ऐकून घेऊ नये. इन्स्टाग्रामने सप्टेंबर 2024 मध्ये किशोरांची खाती वेगळी केली आणि पुढच्या फेब्रुवारीत ती भारतात आणली. खातं मुळातच खासगी, अनोळख्यांचे मेसेज बंद, तासाभराने आठवण, रात्री दहा ते सकाळी सात शांतता, आणि 16 च्या आतल्यांना यात ढील हवी तर पालकाची मंजुरी. म्हणजे करता येतं. जगभरातून दट्ट्या आला, करून दाखवलं. फक्त ते सगळं पुन्हा त्या गडगडणाऱ्या जन्मवर्षाच्या चाकावर टांगलेलं आहे, आणि कंपनीच्या मर्जीवर. मर्जीच्या जागी कायदा हवा, एवढीच मागणी.

पट्टा थांबवल्याने मुलांचं मन सुधारतं का, यावर अभ्यासकांत वाद आहे आणि तो प्रामाणिक आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख डॉक्टरने, 2023 च्या निवेदनात दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त वापर आणि नैराश्य-चिंतेची लक्षणं यांचा संबंध मांडला. पण संबंध म्हणजे कारण नव्हे, हेही खरं. आधीच खचलेलं पोरगं फोनमध्ये तोंड खुपसून बसत असेल. झोपेचं तसं नाही. रात्री एकपर्यंत जागलेलं लेकरू सकाळी शाळेत पेंगतं, हे समजायला अभ्यासकाची गरज नाही, कोणत्याही जिल्हा परिषद शाळेच्या पहिल्या तासाला बसावं.

घडण सुधारली तरी घात होणारच, आणि तिथे दुसरा प्रश्न येतो, तक्रार घेऊन कोणत्या दारात जायचं याचा. समजा, दहावीतल्या मुलीला धमकी आली: पैसे पाठव, नाहीतर फोटो गावच्या ग्रुपवर टाकतो. पुढच्या तासाभरात काय केलं जातं यावर सगळं ठरतं, आणि बहुतेक वेळा नेमकं चुकीचं केलं जातं. भीतीपोटी गप्पा पुसल्या जातात, ॲप काढून टाकलं जातं, बाप फोन फॉरमॅट मारून आणतो. पुरावा तिथेच संपतो. करायला हवं ते असं. पैसे पाठवायचे नाहीत. काही पुसायचं नाही. समोरच्याच्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट घ्यायचा, पण त्यात वरचं सजवलेलं नाव असून भागत नाही, ते हवं तेव्हा बदलता येतं. खालचं यूजरनेम आणि प्रोफाइलची लिंक हवी. तारीख-वेळ दिसली पाहिजे. पैसे गेले असतील तर व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळखक्रमांक) लिहून ताबडतोब 1930 ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. तो फोटो 'पुरावा म्हणून' मामाला, सरांना, पत्रकाराला पाठवायचा नाही. मुलाचं लैंगिक चित्र पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67-ब खाली गुन्हा आहे, आणि सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते जवळ बाळगणं-बघणंही सोडलेलं नाही. फोटो पसरू नये म्हणून 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. ती फोटो मागत नाही, फोनवरच त्याचा आकडेरूपी ठसा काढते आणि तेवढाच कंपन्यांकडे जातो. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट अशा ठिकाणी तो ठसा जुळला की फोटो अडतो. व्हॉट्सॲपच्या कुलूपबंद गप्पांत ती चालत नाही, हे आधीच सांगायला हवं, नाहीतर खोटा धीर दिल्यासारखं होईल.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांच्या तक्रारींचा वेगळा कप्पा आहे, त्यात नाव न देताही तक्रार करता येते. पण निनावी तक्रारीचं पुढे काय झालं हे नंतर विचारता येत नाही. नाव दिलं तर गाडी ठाण्यात येते, आणि तिथे अडते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 नुसार त्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा. म्हणून तालुक्याच्या ठाण्यात ऐकायला मिळतं: जिल्ह्याला जा, सायबरला जा. ऊसतोड करणारी आई लेकीला घेऊन एसटीने जिल्ह्याला जाणार, एक रोज बुडवणार, संध्याकाळी परत. दुसऱ्यांदा ती जात नाही. आणि घड्याळ चालू असतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2021 च्या नियमांनुसार खातं बंद झाल्यावर वापरकर्त्याची नोंदणीची माहिती कंपनीने 180 दिवस जपून ठेवायची आहे. लोक काय म्हणतील या भीतीने घर सहा महिने गप्प बसलं की खातं कुणाचं होतं हे सांगणारी नोंदही कायदेशीरपणे पुसली जाऊ शकते. 180 चे निदान तीनशे पासष्ट दिवस करा, म्हणजे एक हंगाम घालवून आईबाप परतल्यावरही तक्रारीत जीव उरेल.

खरं तर पोक्सो कायद्यात, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण करणाऱ्या कायद्यात, या मुलीसाठी चांगली तजवीज आहे. कलम 24 प्रमाणे तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. कलम 19 नुसार गुन्हा कळला तर तो पोलिसांना सांगणं मुख्याध्यापकासकट सगळ्यांवर बंधनकारक आहे, 'शाळेची बदनामी' हे कारण चालत नाही. कलम 23 नुसार बातमीत तिची ओळख उघड करता येत नाही, गावाचं नाव आणि शाळा छापून ती उघड होत असेल तर तेही नाही. हे कलमवार पाठ असलेला एक माणूस तालुक्याच्या प्रत्येक ठाण्यात आणि त्याचा नंबर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर, एवढं करायला नवा कायदा लागत नाही. समाजमाध्यमांवर कायदा करणं मुख्यत्वे केंद्राच्या अखत्यारीत येत असेल, पोलीस तर राज्याचे आहेत.

कंपनीचंही दार असंच तपासावं. अश्लील फोटोबद्दल तक्रार आली की 24 तासांत तो काढायचा, असं 2021 च्या नियमांनी घातलं होतं; फेब्रुवारी 2026 च्या दुरुस्तीने ही मुदत दोन तासांवर आणली. 50 लाखांपेक्षा जास्त वापरकर्ते असलेल्या कंपन्यांनी दर महिन्याला तक्रारींचा अहवाल काढायचा. तो निघतो. पण त्यात मराठीत किती तक्रारी आल्या, त्यातल्या अठराच्या आतल्यांच्या किती, किती तासांत निकाली निघाल्या, हे सांगायची सक्ती नाही. ही तीन आकड्यांची सक्ती करा. मराठीतली धमकी मराठी कळणाऱ्या माणसाने वाचली की नाही, हे मग आपोआप उघडं पडेल.

आणि 200 कोटींचा दंड झालाच, तर तो जातो कुठे? भारताच्या संचित निधीत. जिचं वर्ष वाया गेलं त्या पोरीला त्यातलं काही नाही. उलट माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागण्याचं जुनं कलम, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 43-अ, हा नवा कायदाच रद्द करतो. दंडातला वाटा बाधित मुलांसाठी वेगळा ठेवायचा तर संसदेत दुरुस्ती लागेल, त्याला वेळ लागेल.

घडणीच्या बंधनांना मात्र तेवढा वेळ लागू नये. मुलाच्या भल्याला बाधा येईल असा माहितीचा वापर करायचा नाही, हे कलम 9 मध्ये आधीच आहे, आणि त्याला संमतीची पळवाट नाही. बाधा म्हणजे काय, ते नियमांत नावानिशी लिहायचं आहे: रात्रीची नोटिफिकेशनं, आपोआप चालणारा पट्टा, अनोळख्याला मिळणारी वाट. नियम केंद्र सरकार अधिसूचना काढून बदलू शकतं. मे 2027 ला टोळ्या गावी परतलेल्या असतील. कायदा लागू झाल्यानंतरचा पहिला हंगाम त्या वर्षीच्या दिवाळीनंतर सुरू होईल, ट्रक निघतील, आणि फोन आजीकडे राहील.